नांगराची जाहिरात आणि नांगराचा फाळ

पुण्याहून साताऱ्याकडे आणि पुढे कराडवरून सांगलीकडे जाताना रस्त्याकडेच्या हॉटेलांच्या दारात हल्ली एक देखावा हमखास दिसतो. सिमेंटचा एक चौथरा, त्यावर चंदेरी रंग दिलेला जुना लोखंडी नांगर, शेजारी बैलगाडीचे चाक. आत भिंतीवर काचेच्या चौकटीत जुन्या जाहिराती लावलेल्या असतात: कंदिलाच्या, साबणाच्या, एखादी शेतीच्या अवजारांची. लोक तिथे फोटो काढतात. "आमच्या आजोबांकडे होता असला," असे कोणीतरी म्हणते आणि चहा येतो.

हा छंद आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुने ट्रॅक्टर घासूनपुसून चालू करणाऱ्यांचे मेळावे भरतात. अवजारांच्या जुन्या रंगीत पाट्या आणि सूचीपत्रे जमवणारे लोक त्यांच्यासाठी चांगले पैसे मोजतात. जुन्या वस्तूंबद्दल जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो आम्हालाही वाटतो. पण शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर आणखी एक प्रश्न पडतो. ही जाहिरात आणि हा नांगर, दोघेही त्या काळाचे साक्षीदार आहेत. मग दोघांची साक्ष एकच आहे का?

हा प्रश्न विचारायला सातारा-सांगली इतका सोयीचा मुलूख क्वचितच सापडेल. इथे लोखंडी नांगर नुसते वापरले गेले नाहीत, ते इथेच ओतले गेले, आणि त्यांच्या जाहिरातीही इथेच लिहिल्या, चितारल्या आणि छापल्या गेल्या.

एकाच लोहमार्गावरचे दोन कारखाने

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर धंद्यात लक्ष घातले. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात झाली. मग कडबा कापण्याचे यंत्र आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर. पुढे बेळगावची जागा नगरपालिकेच्या निर्णयामुळे सोडावी लागली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरानाची जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली निवडुंग तोडून तिथे कारखाना उभा राहिला. स्टेशनचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. त्या काळी सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.

याच पुणे-मिरज लोहमार्गावर उत्तरेला सातारा रोड स्टेशन आहे. तिथे १९२० च्या दशकात धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. 'कूपरचा नांगर' हे शब्द साताऱ्याच्या खेड्यांत अजून म्हातारी माणसे वापरतात. पुढे तिथे डिझेल इंजिनेही होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.

दोन्ही कारखाने स्टेशनाला लागूनच का? कारण साधे आहे. कच्चे बीड आणि कोक लांबून वॅगनीने येणार, आणि जड नांगर वॅगनीनेच बाहेर जाणार. रेल्वे नसती तर माळावर ओतशाळा काढण्याचा विचार कोणी केला नसता.

माल खपवायचा कसा?

पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितले जाते. म्हणजे नांगर बनवण्याइतकेच तो विकणे अवघड होते. या कामी लक्ष्मणरावांना पुतण्याची मदत झाली. शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१-१९७५) हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर त्या काळी चित्रकार होते. त्यांच्या हाताखाली शंकररावांनी धडे घेतले. कारखान्यात येऊन त्यांनी जाहिरातीचे काम अंगावर घेतले आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्यात काय तयार होते, ते कसे वापरायचे, ही माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवणे हा त्याचा मूळ हेतू. पण वाचकाला नुसत्या मालाच्या माहितीने धरून ठेवता येत नाही, हे शंकररावांनी लवकर ओळखले. मजकूर वाढत गेला, १९२९ साली 'खबर' हा शब्द गळून नुसते 'किर्लोस्कर' राहिले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या, त्यांचे मूळ नांगराच्या जाहिरातीत आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे.

याचा एक परिणाम मात्र लक्षात घ्यायला हवा. मासिकांचे बांधीव खंड ग्रंथालयांनी जपले. त्यामुळे त्यांच्यातल्या जाहिराती टिकल्या. नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याने काय अनुभवले, हे मात्र कोणी बांधून ठेवले नाही. आज आपल्या हाती आहे ती मुख्यतः विकणाऱ्याची बाजू.

'लोखंडाने जमीन नासते'

विकणाऱ्याच्या बाजूची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अशी: लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरते, असे शेतकरी मानत, म्हणून नांगर खपत नसे. पाठ्यपुस्तकांत, चरित्रांत, भाषणांत ही गोष्ट येते आणि आपण शेतकऱ्याच्या भोळेपणाला हसतो.

गंमत म्हणजे हीच गोष्ट अमेरिकेतही सांगतात. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या शेतकऱ्यांनी तो नाकारला, कारण लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते असे त्यांना वाटे. दोन वेगळे देश, मध्ये शंभर वर्षांचे अंतर आणि समजूत मात्र एकच! अशा वेळी जरा थांबून हिशेब करावा.

एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. वरचा २० सेंटिमीटरचा थर धरला तर ८०० घनमीटर माती होते. घनमीटरला सुमारे १.३ टन, म्हणजे एकूण सुमारे १,००० टन माती. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे, तिच्यात वजनाने निदान ५ टक्के लोह असते. म्हणजे एका एकराच्या वरच्या थरातच ५० टन लोह आधीपासून आहे! दोन किलोचा अख्खा फाळ त्या एकरात झिजून गेला, तरी भर पडेल ती पंचवीस हजारांत एक भाग. शिवाय झिजलेले लोखंड गंजून ऑक्साइड होते, आणि आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. विषाचा प्रश्नच येत नाही.

पण हा हिशेब करताना दुसरी एक गोष्ट ध्यानात येते आणि ती जास्त महत्त्वाची आहे. देशी लाकडी नांगराचा फाळ कशाचा असतो? लोखंडाचाच! खोड, हळस, रुमणे लाकडाचे. पण जमिनीत शिरतो तो फाळ गावच्या लोहाराने घडवलेल्या लोखंडाचा. आपल्या शेतकऱ्याचे वाडवडील शेकडो वर्षे जमिनीत लोखंड घालतच होते. मग त्याला लोखंडाचीच भीती कशी वाटेल?

आम्हाला असे वाटते की, ही समजूत असेलही, पण शेतकऱ्याच्या मनातल्या सगळ्या शंका या एका वाक्यात कोंबल्या गेल्या असाव्यात. देशी नांगर जमीन चिरतो, उलथत नाही. लोखंडी नांगराला वळवलेला पत्रा असतो. तो मातीचे ढेकूळ उचलून पालथे करतो. खालची माती वर येते. जमीन खोल आणि काळीभोर असेल तर हे चांगलेच. पण जमीन उथळ असेल तर वर काय येते? मुरूम आणि चुनखडी. पहिल्या वर्षी पीक मार खाऊ शकते. "जमीन नासली" असे त्यावर कोणी म्हटले, तर तो अनुभव आहे, अंधश्रद्धा नाही. हा आमचा तर्क आहे. पण 'शेतकरी अडाणी होता' या उत्तरापेक्षा तो तपासून पाहण्याजोगा आहे.

बिडाचा स्वभाव

शेतकऱ्याची दुसरी शंका थेट धातुशास्त्राशी निगडित आहे. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात ३ ते ४ टक्के कार्बन मिसळला की ते बाराशे अंशांच्या आतबाहेरच वितळते. हे बीड. क्युपोला भट्टीत कोक जाळून ते पातळ करता येते आणि वाळूच्या साच्यात ओतून हवा तो आकार, हवे तितक्या वेळा काढता येतो. म्हणूनच माळावरच्या छोट्या कारखान्याला नांगर परवडतो.

बीड सावकाश थंड झाले तर कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. असे बीड तोडले तर आत करडे दिसते. तेच झटकन थंड केले तर कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट हे अतिशय कठीण संयुग तयार करतो. तोडलेला भाग मग पांढरा, चकचकीत दिसतो. इंग्लंडच्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली याचा उपयोग फाळासाठी केला. साच्याची खालची बाजू त्याने लोखंडाची ठेवली आणि वरची वाळूची. खालची बाजू पटकन थंड होऊन कठीण झाली, वरची मऊ राहिली. नांगरताना वरची बाजू जास्त झिजते, खालची कमी, त्यामुळे धार आपोआप राहते! उंदराचे दात असेच टोकदार राहतात, हे जीवशास्त्राच्या शिक्षकांना आठवेल: पुढे कठीण इनॅमल, मागे मऊ भाग.

इतके गुण असलेल्या बिडात एक मोठा अवगुण आहे. ते ठिसूळ असते आणि ते घडता येत नाही. देशी नांगराचा फाळ बोथट झाला की शेतकरी तो लोहाराकडे नेई. लोहार तापवून, ठोकून, पाजवून देई आणि सुगीत बलुते घेई. बिडाचा फाळ तापवून घणाखाली धरला तर त्याचे तुकडे होतील. तो मोडला किंवा झिजला की कारखान्याचाच नवा फाळ आणायचा, तोही रोख पैसे मोजून. म्हणजे लोखंडी नांगर घेणे याचा अर्थ गावच्या भात्याशी असलेले नाते तोडून रेल्वे स्टेशनाशी जोडणे. हंगामात फाळ मोडला आणि नवा वेळेवर आला नाही, तर? ही शंका अगदी शहाण्या माणसाची आहे.

अमेरिकेतही नेमके हेच झाले. न्यूबोल्डचा नांगर बराचसा एकसंध ओतलेला होता, एक भाग मोडला की सगळा वाया. जेथ्रो वुडने १८१९ साली सुट्या, बदलता येणाऱ्या भागांच्या नांगराचे पेटंट घेतले, आणि बिडाचा नांगर तिथे रुळला. बिडाची रासायनिक घडण तीच राहिली होती. बदलली ती दुरुस्तीची सोय. आपल्याकडच्या जुन्या नांगरांच्या ओतीव भागांवर कारखान्याचे नाव आणि क्रमांक उठावात असतात. ती नुसती मिरवण नाही. 'अमुक क्रमांकाचा भाग पाठवा' असे एक कार्ड लिहून तो मागवता यावा, याची ती तजवीज आहे. आमच्या मते जाहिरातीतल्या चित्रापेक्षा या लहानशा आकड्याने जास्त नांगर विकले असतील.

आठ बैल कोणाच्या दावणीला?

तिसरी शंका बैलांची. इथेही हिशेब करता येतो. नांगर ओढायला लागणारे बळ हे कापलेल्या मातीच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलो धरू. देशी नांगराची तास त्रिकोणी, १५ सेंटिमीटर खोल आणि वर २० सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर, ओढ ९० किलो. मोठ्या लोखंडी नांगराची तास आयताकृती, २५ सेंटिमीटर रुंद आणि २२ खोल. क्षेत्रफळ ५५०, ओढ ३३० किलो. बैल आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी ओढ तासन्‌तास देऊ शकतो. दोन बैलांचे मिळून वजन ८०० किलो धरले तर एक जोडी ८० किलो ओढेल. म्हणजे देशी नांगराला एक जोडी कशीबशी पुरते. लोखंडी नांगराला चार जोड्या, आठ बैल!

आठ बैल किती जणांच्या दावणीला असत? म्हणून मोठा नांगर हे गावच्या पाच-दहा घरांचे अवजार राहिले. बाकीच्यांनी तो भाड्याने लावला, किंवा सावड करून, इर्जिक घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बैल एकत्र केले. हलके, एका-दोन जोड्यांचे लोखंडी नांगरही निघाले. पण सगळा देश धरला तर लाकडी नांगर सहजासहजी हटला नाही. पशुगणनेत नांगरही मोजले जात. १९५१ च्या गणनेत देशात लाकडी नांगर तीन कोटींच्या वर होते आणि लोखंडी दहा लाखांच्याही आत. किर्लोस्करवाडी वसून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. नुसत्या जाहिराती वाचून इतिहास लिहिला तर हे प्रमाण कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही.

मग ज्यांनी नांगर घेतला, त्यांना काय मिळाले? कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही दोन तणे शेतकऱ्याचे हाडवैरी होती. कुंद्याच्या मुळ्या हात-दीड हात खोल जातात. तो कुदळीने खणून काढायचा म्हणजे माणसांची फौज लागे, आणि देशी नांगर त्याच्या वरून खरवडत जाई. उन्हाळ्यात खोल नांगरून ढेकळे पालथी घातली की मुळ्या उन्हाने वाळत. पडीक पडलेली राने पुन्हा पिकाखाली आली, आणि पुढे उसाला लागणारी खोल मशागतही याच नांगराने सोपी झाली. हा लाभ खरा होता. जाहिरात इथे खोटे बोलत नव्हती. तो लाभ कोणाला झाला आणि कोणाला झाला नाही, एवढेच ती सांगत नव्हती.

वजनावर गेलेली साक्ष

पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. किर्लोस्करवाडीचा कारखाना आज पंपांसाठी ओळखला जातो. पहिले पंप तिथे १९२६ च्या सुमारास झाले. नांगर गोठ्यामागे पडले. पलूस तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्हाला असा एक नांगर दिसला. घरच्या आजोबांना विचारले, ठेवणार का विकणार? ते म्हणाले, "भंगारवाला किलोवर मागतोय. पोरं म्हणत्यात घाला. माजं मन होत न्हाई." मग त्यांनी फाळावर बोट ठेवून दाखवले: डावी कड उजवीपेक्षा बरीच जास्त झिजली होती. "रान खडकाळ त्या अंगाला," ते म्हणाले. कुठल्याही सूचीपत्रात न सापडणारी ही माहिती त्या फाळात होती, आणि ती वाचू शकणारा माणूस समोर उभा होता. नांगर वितळला की ती जाईल. हॉटेलच्या चौथऱ्यावर रंग फासला तरीही ती जाईल, कारण रंगाखाली झीज आणि उठावातले आकडे दोन्ही बुजतात.

शाळेला इथे काही करता येईल. खेड्यातल्या शाळेच्या आसपास असे एखादे अवजार अजून निघतेच: नांगर, उसाचा चरक, कडबा कापण्याचे यंत्र. मुलांना त्याच्याकडे न्यावे. उठावातल्या अक्षरांवर कागद धरून पेन्सिल घासली, की नाण्याचा उमटतो तसा छाप मिळतो. फाळाचे वजन करावे, तसाच न वापरलेला फाळ मिळाला तर त्याच्याशी ताडून पाहावे. मालकाची परवानगी घेऊन, शिक्षकांनी स्वतः, सांगाड्याच्या आणि फाळाच्या कोपऱ्यावर कानस फिरवून पाहावी. सांगाड्यावर ती लागेल. फाळाच्या कठीण बाजूवर ती घसरली, तर तो झटकन थंड केलेल्या बिडाचा आहे हे मुलांना हाताने कळेल. ती लागली तर फाळ पोलादी असावा, मग त्याची दुरुस्ती कोण करी हा प्रश्न विचारता येईल.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांना पाच प्रश्न विचारावेत. नांगर किती जोड्यांनी ओढत? बैल कोणाचे? फाळ मोडला की नवा कुठून आणत? नांगर आल्यावर गावच्या लोहाराचे काय झाले? आणि तुमच्या रानाला तो मानवला का? उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावीत, तारीख आणि गाव घालून. तालुक्याच्या ग्रंथालयात 'किर्लोस्कर'चे जुने खंड असतील तर त्यातली एखादी जाहिरात समोर ठेवून दोन्ही ताडून पाहावे: जाहिरातीत काय सांगितले आहे, आजोबा काय सांगतात आणि फाळ काय सांगतो. तिन्ही जुळतात तिथे आपण खात्रीने काही म्हणू शकतो. जुळत नाहीत, तिथून शोध सुरू करावा.

हे काम पुढच्या सुट्टीपर्यंत न ठेवणे बरे. आठ बैलांचा नांगर हाकलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत, आणि भंगारवाल्याची फेरी दर आठवड्याला असते.